घोडे मोजा, पण आधी लगाम बघा

कॉन्टेसा पाहिली आहे का तुम्ही? नसेल पाहिली तर घरी बाबांना विचारा, मामांना विचारा. नुसतं नाव काढलं की त्यांचा चेहरा कसा खुलतो ते बघाच! लांबच लांब बॉनेट, रुंद छाती, मागेही तेवढीच ऐसपैस डिकी. हिंदी सिनेमात कुणी बडा शेठ गाडीतून उतरायचा तो बहुतेक वेळा हिच्यातूनच. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात १९८४ पासून ती बनू लागली आणि २००२ मध्ये बंद झाली. मूळ साचा मात्र इंग्लंडचा, व्हॉक्सॉल व्हिक्टर नावाच्या गाडीचा. आज तिला सगळे कौतुकाने ‘भारताची मसल कार’ म्हणतात.

अजूनही एखाद्या बंगल्याच्या आवारात, ताडपत्रीखाली, चाकातली हवा गेलेली अशी कॉन्टेसा दिसते. मग कॉलेजात नुकत्याच गेलेल्या दादाच्या डोक्यात किडा वळवळतो. “जुनीच तर आहे, स्वस्तात मिळेल नं! रंग मारू, टायर टाकू, आणि लॉ कॉलेज चौकातून असा राउंड मारू की सगळे पाहातच राहतील!”

दादाला हसू नका. दमदार गाडीची हौस असणं वाईट नाही. पण ती हौस नेमकी कशाची आहे, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बघू या. गणित पाचवीचंच आहे, घाबरू नका.

एका घोड्याच्या वाट्याला किती किलो?

आधी हे ‘मसल कार’ प्रकरण काय आहे ते पाहू. मसल म्हणजे स्नायू. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांनी एक युक्ती केली. मधल्या आकाराची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं भलंमोठं इंजिन बसवायचं. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही त्यातली गाजलेली. तिचं इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचं होतं. आपल्या मारुती ८०० चं इंजिन एका लिटरपेक्षाही लहान, म्हणजे तिच्या एका इंजिनात मारुतीची आठ इंजिनं मावली असती! जीटीओची ताकद कंपनी ३२५ अश्वशक्ती सांगायची. (त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरचा इतर भार कमी करून ताकद मोजायचे. त्यामुळे आकडा जरा फुगायचा. जाहिरातवाले तेव्हाही तसेच होते!) तिकडे बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी मोटार चालवायचा परवाना मिळतो, त्यामुळे शाळकरी मुलंही अशा जुन्या गाड्यांच्या मागे लागतात. पुढे विम्याचे हप्ते भडकले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि या गाड्यांचा थाट उतरला.

आता गंमत बघा. गाडी किती चपळ, हे नुसत्या अश्वशक्तीवरून कळत नाही. गाडीचं वजन किती आणि ते ओढायला घोडे किती, हे पाहावं लागतं. म्हणून आपण वजनाला अश्वशक्तीने भागू या. एका घोड्याच्या वाट्याला जितके कमी किलो, तितकी गाडी चपळ.

जीटीओचं वजन साधारण १६०० किलो. भागिले ३२५. एका घोड्याच्या वाट्याला ५ किलो.

आता आपली कॉन्टेसा. वजन साधारण १२०० किलो. सुरुवातीला तिच्यात ॲम्बॅसॅडरचंच जुनं इंजिन बसवलं होतं, सुमारे ५० अश्वशक्तीचं. भागा बरं! २४ किलो. आणि मारुती ८००? वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, घोडे ३७. उत्तर येतं साडेसतरा!

काय, चमकलात ना? ज्या गाडीला सगळे ‘मसल’ म्हणून सलाम ठोकतात, तिच्या पहिल्या अवताराला सिग्नल सुटल्यावर डब्यासारखी दिसणारी मारुती मागे टाकत होती. नंतर कॉन्टेसात इसुझु या जपानी कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आलं, सुमारे ८८ अश्वशक्तीचं, तेव्हा कुठे बाईंच्या अंगात जोर आला. तरी भागाकार साडेतेराच्या वरच राहतो. मारुतीची एस्टीम आठवते? तिच्या नंतरच्या मॉडेलमध्ये ८५ घोडे होते आणि वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. उत्तर दहा! आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनी एस्टीम इतकी वर्षं का वापरली, ते आता कळलं असेल.

आणखी एक गाडी घ्या. २०१९ सालची साधी पेट्रोल स्विफ्ट. जिला दादा ‘काकूंची गाडी’ म्हणून नाक मुरडतो, तीच. ८३ अश्वशक्ती, वजन पावणेनऊशेच्या आत-बाहेर. साडेदहा! म्हणजे काकू भाजी आणायला निघतात ती गाडी कॉन्टेसाच्या सगळ्यात दमदार मॉडेलपेक्षाही चपळ आहे. दादाला हे सांगाल तेव्हा जरा लांब उभे राहा.

मग मसल कार म्हणून आपण नेमकं काय विकत घेतो? रूप, आवाज आणि लोकांच्या नजरा. त्याला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. पण पैसे ‘ताकदी’चे म्हणून मोजत असाल तर भागाकार आधी करा.

आता लगाम

भारतात खरीखुरी ‘मसल’ गाडी झाली ती चारचाकी नव्हतीच. ती होती राजदूत ३५०. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाबरोबर १९८३ मध्ये ही मोटरसायकल आणली. सुमारे ३० अश्वशक्ती, वजन साधारण दीडशे किलो. भागा. ५! अमेरिकेतल्या जीटीओच्या तोडीस तोड. (तिचाच एक मवाळ, थोड्या कमी ताकदीचा भाऊही पुढे निघाला होता.) पेट्रोल खूप प्यायची, म्हणून तेव्हा फारशी खपली नाही. आज मात्र हौशी लोक तिच्यामागे वेडे आहेत. आपल्या धोनीच्या संग्रहातही ती आहे.

पण तिची एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. तिच्या मूळ जपानी बहिणीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे ती आली तेव्हा तो जाऊन ड्रम ब्रेक आला. म्हणजे घोडे पुष्कळ, लगाम मात्र सैल! त्या काळातल्या चालवणाऱ्यांना विचारा, ते पिकअपबद्दल जेवढं बोलतील तेवढंच ब्रेकबद्दलही बोलतील, फक्त सूर वेगळा असेल.

हा लगाम किती महत्त्वाचा, तेही गणिताने पाहू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर अचानक कुत्रा आला. तो दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरू. तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे गेली. साधारण बऱ्या ब्रेकच्या जुन्या गाडीला कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी १० मीटर लागतील. एकूण २०.

आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. विचार करण्यातच २० मीटर गेले. आणि थांबायला? दुप्पट नाही बरं का, चौपट! ४० मीटर. एकूण ६०. वेग दुप्पट झाला आणि थांबायचं अंतर तिप्पट. वेगाचा वर्ग करायचा असतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात नववीला येतं. वर्धा रोडवर मात्र कुणालाही, कोणत्याही वयात येतं. टायर गुळगुळीत असतील, पहिला पाऊस पडून रस्ता चिकट झाला असेल, ब्रेक एका बाजूला ओढत असतील, तर ६० चे किती होतील ते सांगता येत नाही.

आणि गाडीत चार मित्र भरले की? प्रत्येकी ६० किलो धरा. मारुती ८०० मध्ये चालवणारा आणि चार मित्र मिळून ३०० किलो वाढले, म्हणजे गाडीचं वजन जवळजवळ दीडपट झालं. ब्रेक तेच.

म्हणून माझं साधं मत असं. तरुण मुलाची किंवा मुलीची पहिली गाडी निवडताना जोराचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावा तो एबीएस. ब्रेक करकचून दाबला की चाकं अडकतात, घसरतात आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. एबीएस असेल तर ते चाक सेकंदाला कितीतरी वेळा सोडतं-धरतं. चाक फिरत राहतं आणि गाडी वळवता येते. नवशिक्याची पहिली चूक हीच असते, घाबरून ब्रेकवर उभं राहण्याची. तिथे हे यंत्र कामाला येतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालवणाऱ्यासमोरची एअरबॅग आणि २०२२ पासून शेजारच्यासमोरचीही. त्यामुळे घरातलं बजेट पुरत असेल तर २०१९ नंतरची, लहान इंजिनाची, कंटाळवाण्या रंगाची गाडी घ्या आणि दोन वर्षं चालवा. किंमत जास्त पडते हे मान्य. तेवढे पैसे नसतील तर त्याहून जुनी झेन, ८०० किंवा एस्टीमही चालेल. कुठल्याही गल्लीतला मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. पण अशा गाडीत धडक बसल्यावर वाचवणारं फारसं काही नाही, हे समजून चालवायला हवं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या बिनएअरबॅगच्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते.

राजदूत ३५० पहिली गाडी म्हणून? नको. कॉन्टेसा? तिच्याकडे शेवटी येऊ.

अठराच्या आतल्यांसाठी थोडं थांबून

मोटारीसाठी आपल्याकडे अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी मिळतो तो ५० सीसीच्या आतल्या, बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना, आणि तशा नव्या गाड्या आता दुकानात जवळपास दिसतच नाहीत. ‘घरासमोरच तर फिरवतो’ याला कायद्यात जागा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. तुमच्यापैकी कितीतरी जण आज तेवढ्याच वयाचे असतील.

मग अठरापर्यंत करायचं काय? पुष्कळ काही! गाडी चालवायला परवाना लागतो, गाडी तपासायला लागत नाही. आणि घरात सेकंडहँड गाडी येणार असेल तर तपासनीस म्हणून तुमच्यासारखं कुणी नाही. मोठी माणसं विकणाऱ्याशी बोलण्यात आणि चहात गुंततात. तुमची नजर मोकळी असते.

चला, गाडी बघायला

विकणारा काय म्हणेल ते आधीच सांगून ठेवतो. “भाऊ, गाडी एकदम मख्खन आहे. डॉक्टरसाहेबांची होती, फक्त घर ते दवाखाना. एकच हात चालला आहे.” आपल्या शहरात इतके डॉक्टर नसतील जितक्या त्यांच्या गाड्या विकल्या जातात! ऐकून घ्यायचं, हसायचं आणि कामाला लागायचं.

सकाळी लवकर जा आणि फोनवरच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा की तुमच्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू केल्यावर मागे जाऊन धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, खर्च मोठा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बहुधा दुरुस्त होतं. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसला तर ती नुसती वाफ. पण इंजिन तापल्यावरही तो दाट येत राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरट थर दिसला, तर पाणी आणि ऑइल एकत्र होतंय. अशी गाडी सोडून द्यायची.

खिशात फ्रिजवर चिकटवायचं साधं लोहचुंबक न्या, तेही पातळ कापडात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही. दार, पंखा, बॉनेट, सगळीकडे हळूच लावत जा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे तिथे कधीतरी ठोकर बसली आहे. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे चिकटलं नाही म्हणून आरडाओरडा करू नका!

आता खास नागपूरकरांसाठी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते? रात्रीतून इतका पाऊस झाला की अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांमध्ये शिरलं. घरांबरोबर दारातल्या गाड्याही बुडाल्या. त्यातल्या काही नीट दुरुस्त झाल्या, काही नुसत्या धुऊन-पुसून, वास मारून पुढे गेल्या. पुराचं पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग आतून हळूहळू गंजत जातं आणि वर्ष-दोन वर्षांनी कधीही दगा देतं. ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आत गुंडाळून राहिलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर ती धुवायची आठवण कुणालाच राहिलेली नसते. सीटखालच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज बघा. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खोलग्यात बोट फिरवा. पायाखालचं मॅटिंग उचलून वास घ्या. आणि गाडीत उदबत्तीचा किंवा सेंटचा वास जरा जास्तच येत असेल, तर दोनदा घ्या!

टायर तर वाचताही येतात. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. समजा २३१९ असं लिहिलंय, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी छान दिसत असली तरी जुनं रबर कडक होतं, भेगाळतं, आणि आपला मे महिना त्याला भाजून काढतो तो वेगळाच. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. नक्षीच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की समजायचं. शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो, तिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. सिमेंटचा सरळ रस्ता, तापलेली हवा आणि दहा वर्षांचं रबर, हे तिघं एकत्र येता कामा नयेत. दुचाकीला त्या रस्त्यावर परवानगीच नाही, हेही लक्षात असू द्या.

गाडी चालवून बघायची ती परवाना असलेल्या मोठ्या माणसानेच. तुम्ही शेजारी बसा. इंजिन चालू ठेवून ब्रेक जोरात दाबून अर्धा मिनिट धरायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात राहिलं तर ब्रेक ऑइल कुठेतरी गळतंय. मग रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, ताशी तीसला ब्रेक मारायला सांगा आणि गाडी डावी-उजवीकडे ओढते का बघा. हँडब्रेकसाठी सेमिनरी हिल्सचा चढ उत्तम. तिथे गाडी थांबवून नुसत्या हँडब्रेकवर उभी राहते का ते बघा, बाबांचा पाय मात्र ब्रेकजवळच राहू द्या.

आई-बाबा, आता थोडं तुमच्याशी

जुन्या गाडीची किंमत म्हणजे पहिला हप्ताच. विम्याचंच घ्या. दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीच्या आतल्या मोटारीला वर्षाला २०९४ रुपये, १५०० सीसीच्या वर ७८९७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे मारुती ८०० आणि १.८ ची कॉन्टेसा यांत एका विम्यातच जवळजवळ चौपट फरक. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते पुढे दर पाच वर्षांनी. मोटारीसाठी त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १० हजार. कॉन्टेसा २००२ मध्येच बंद झाली, तेव्हा प्रत्येक कॉन्टेसा या खात्यातच येते. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. कार्बोरेटरच्या काळातल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते, ते बदलून घ्यावे लागतात.

आपल्याकडे शेजारच्या मध्य प्रदेशच्या आणि छत्तीसगडच्या नंबरच्या गाड्याही विकायला येतात. एम. पी. नंबरची गाडी दहा-वीस हजारांनी स्वस्त दिसली तरी तिची तिकडची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि इथला रस्ता कर धरून हिशोब करा. वर्षभरापेक्षा जास्त इथे वापरायची तर ते चुकत नाही.

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून पाहा. हे काम मुलांना द्या, एकही आकडा सोडणार नाहीत. बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरल्याचं पत्र हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले ई-चलान ऑनलाइन दिसतात, तेही पाहून घ्या.

आणि गाडी नावावर करण्यात आळस नको. आज सांगू, उद्या करू, एजंट पाहील, असं होत वर्ष निघून जातं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा. गाडी विकून टाकली पण आरसीवर नाव जुनंच राहिलं, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे ही काळजी घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याने जास्त घ्यायला हवी. तुम्ही तुमची जुनी स्कूटर कुणाला दिली असेल तर आज रात्रीच कागद काढून बघा.

मग कॉन्टेसाचं काय?

ताडपत्रीखालची ती कॉन्टेसा मी विसरलेलो नाही. दादाला ती खरंच हवी असेल तर घेऊ द्या, पण रोज कॉलेजला जायची गाडी म्हणून नाही. घरात दुसरी साधी गाडी असू द्या, आणि ही आवारात. रविवारी सकाळी दादाने, तुम्ही आणि ओळखीच्या एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी मिळून ती उघडायची. आधी ब्रेक, मग टायर, मग वायरिंग, आणि इंजिनाला हात त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी, कितीही मोह झाला तरी! सुट्या भागांसाठी इतकी पायपीट होईल की अर्धं नागपूर तुमच्या ओळखीचं होईल. पहिली कॉन्टेसा ॲम्बॅसॅडरचं इंजिन घेऊन आली होती, त्यामुळे ॲम्बॅसॅडर जाणणारे जुने हात इथे उपयोगी पडतात. इसुझु इंजिनाची असेल तर भाग शोधणं जास्त अवघड, हे घेण्याआधीच विचारून ठेवा.

तोवर तुम्ही एक करा. आज संध्याकाळी खाली जाऊन घरच्या गाडीच्या चारही टायरवरचे ते चार आकडे वाचा. स्कूटर असेल तर दोनच. आणि स्टेपनी विसरू नका, ती बहुतेक घरांत सगळ्यात म्हातारी निघते.